डावीकडे ओढणारी गाडी

२९ सप्टें. ९६
गाडी अजून डावीकडे ओढते. स्टीअरिंग जरा सैल सोडलं की निघाली फुटपाथला भेटायला. केबलवाल्यांनी सेक्टरचा रस्ता खणून ठेवला, ना दिवा ना दगड, आणि मी सरळ चरात घातली. पंधरवडा झाला त्याला. ह्यांच्या कपाळाचे टाके निघाले, पण हे काही माझ्या गाडीत बसत नाहीत. इतकी वर्षं शेजारी पेपर वाचत ऑफिसला यायचे, आता ऑफिसवाल्यांनी मिळून ठरवलेली चार्टर्ड बस. रागावले असते तर भांडले असते मी. घाबरलेत, त्याला काय करायचं?

३ ऑक्टो.
जेवताना हे म्हणाले, "दिवाळीनंतर वर्मा गाडी बघायला येतील. घ्यायची म्हणतायत." वर्मा म्हणजे ह्यांच्या ऑफिसातले. मी भात वाढत होते, वाढतच राहिले.
"आणि मी?"
"तूही चार्टर्डनं जा."
अहो, चाळिशीत शिकले मी! अख्ख्या नोएडाभर एकटी हिंडते. नाही विकायची मला. दिवाळीच्या आत गाडी अशी ठणठणीत करीन की ह्यांना 'नाही' म्हणायला तोंड उरायचं नाही. फक्त भरवशाचा माणूस मिळायला हवा.

७ ऑक्टो.
दोन गॅरेजं झाली. पहिलं नवंकोरं, एसी, कॉफी. गाडीखाली न वाकताच "मॅडम, पूरा सस्पेन्शन बदलेगा." कॉफी पिऊन परत आले. दुसऱ्याकडे 'कंप्यूटर अलाइनमेंट'ची भलीमोठी पाटी. त्यानं स्टीअरिंग सरळ करून दिलं, काल घरापर्यंत मी खूश. आज सकाळी ये रे माझ्या मागल्या.
मिनू (कन्यारत्न, बारावी) : "आई, बेच दो ना यार, बाबा टेन्शन घेतात." घरभेदी!

२१ ऑक्टो., दसरा
पूजेसाठी काल गाडी पंपावर नेऊन वरून-खालून धुऊन घेतली. आरशासारखी. आज झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. हे नारळ फोडून लगेच मागे सरले.
कुलकर्णीबाई सोनं द्यायला आल्या होत्या. त्यांनी औद्योगिक सेक्टरातल्या सतनामजींचं नाव सांगितलं. "तोंडाळ आहे हो, पण खोटं काम करायचा नाही." उद्याच जाते.

२२ ऑक्टो.
सतनामजी. साठीचे, पांढरीशुभ्र दाढी, आवाज असा की पलीकडच्या शेडमधली माणसं वळून बघतात. आधी मलाच चालवायला लावली, स्वतः शेजारी. डोळे मिटून खडखड ऐकत होते. उतरताना म्हणाले, "हाथ अच्छा है आपका." (हे लिहून ठेवते. घरात कुणी म्हणत नाही.)
मग गाडीखाली शिरले आणि तस्से बाहेर.
"इसे नहलाया किसने?"
मी ऐटीत, "मैंने. त्योहार था हमारा."
"बहनजी, आपने तो सारे सबूत धो डाले!"
धक्के सोसणाऱ्या शॉकअपमधलं तेल गळत असेल तर त्यावर धूळ चिकटते, काय कुठं घासतंय ते मातीत उमटतं, म्हणे. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी मी डॉक्टरकडे न्यायच्या आधी पेशंटला न्हाऊमाखू घातलं! हसू आवरेना मला. "हफ्ताभर धूल में चलाओ, फिर लाना," आणि दुसऱ्या गाडीकडे वळलेसुद्धा. नेमका बिघाड कळल्याशिवाय हात लावणार नाहीत. हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा गॅरेजवाला मी जन्मात पाहिला नव्हता. आवडला बाई मला हा माणूस.

२९ ऑक्टो.
नव्या सेक्टरांतल्या कच्च्या रस्त्यांवरून हिंडून हिंडून गाडी म्हशीसारखी मळवली. सतनामजी प्रसन्न. मलाही वाकवून टॉर्चनं दाखवलं : डाव्या शॉकअपवर काळा चिकट थर. आणि चाकाला धरून ठेवणारी दांडी, लोअर आर्म, वाकलेली. कंप्यूटरवाल्यानं त्या वाकड्या दांडीच्या हिशेबानंच चाक बसवलं होतं. "हड्डी टेढ़ी, और ऊपर से पट्टी बाँध दी!" उजव्या बाजूला मात्र, "ये बिल्कुल ठीक है, इसे नहीं छेड़ूँगा." किती सहज म्हणाले! मी तर पाया पडायच्या बेतात.
पार्ट बसले की रविवारी अलाइनमेंट. पण गाडी रोजच्यासारखी भरून आणायची, रोज बसणाऱ्या माणसांसकट. वजनानं चाकं जशी बसतात तशीच ते सेट करतात.
"बाजू में कौन बैठता है?"
"मिस्टर," म्हटलं.
"तो मिस्टर को लाना."

३० ऑक्टो.
ह्यांना सांगितलं.
"मिनूला ने."
"मिनू तुमच्या निम्मी आहे."
"मग तांदळाचं पोतं ठेव."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. खरंच रडले. वीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या जागी पोतं बसवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

३ नोव्हें., रवि.
पोतं डाव्या सीटवर, मिनू मागे. सतनामजींनी दार उघडून पाहिलं. "ये मिस्टर हैं?" मिनू खो खो हसत सुटली, मला मेल्याहून मेल्यासारखं.
पोतं अजून जागेवरच होतं, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबली. हे! इस्त्रीचा बुशशर्ट घालून. "उभ्या गाडीत बसायला काय हरकत आहे," म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. पोतं मागे गेलं, हे बसले.
काम झाल्यावर सतनामजी म्हणाले, "साहब, अब उतरिए. ट्रायल पे मैं बैठूँगा."
हे हलले नाहीत. "आप पीछे बैठिए."
एवढे तोंडाळ सतनामजी, मुकाट्यानं मिनू आणि पोत्याच्या शेजारी जाऊन बसले.
सरळ रस्त्याला लागल्यावर स्टीअरिंग क्षणभर सैल सोडलं. गाडी रेषेत. काय हात आहे त्या माणसाचा! ह्यांनी दाराची मूठ गच्च धरलेली, डोळे मिटलेले, पण बसले होते. माझे डोळे भरून आले, आणि चालवताना पुसायची सोय नाही.
वर्मांचं काय, ते मी विचारलं नाही. रात्री दिवा मालवताना हे एवढंच म्हणाले, "उद्या किती वाजता निघतेस?"