डाव्या हाताने ओतून पाहिलं

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून घाबरू नकोस. सगळे ठणठणीत आहेत आणि मला तुझी कुठल्याही कागदावर सही-बिही नकोय. हल्ली हाताने लिहिलेलं पत्र आलं की माणूस आधी वाईटच बातमी धरून चालतो, म्हणून आधीच सांगितलं. फोन करता आला असता, पण फोनवर बाबांचा विषय काढला रे काढला की तुझ्या दारावर कोणीतरी येतं, नाहीतर तुझं दूध उतू जातं. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्ये उठलास तर बघ.

आधी माझं सांगते, कारण सुरुवात माझ्यापासून झाली. मला फोनवरून खरेदीचं व्यसन लागलंय. घेण्याचं नाही, बघण्याचं. आपण दुकानदाराची पोरं, आपल्याला दुसऱ्याच्या दुकानात शिरायची नेहमीच चोरी. गिऱ्हाईक नुसतंच भांडी हाताळून गेलं की बाबांचा चेहरा कसा उतरायचा ते आपण गल्ल्यामागे बसून पाहिलंय. त्यामुळे मी आयुष्यभर काही ना काही विकत घेतल्याशिवाय कुठल्याच दुकानातून बाहेर पडले नाही. माझ्या कपाटात न वापरलेल्या रुमालांचा एवढा ढीग का आहे असं तू विचारायचास ना, तो त्यामुळे. आता मात्र चैन आहे. प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी झाली की डबा उघडायचा, फोन टेकवून ठेवायचा आणि एखादा टेबलावरचा दिवा मनसोक्त बघत बसायचं. मोठा करून बघायचा, मागून बघायचा, टोपलीत टाकायचा आणि हात धुऊन आल्यावर काढून टाकायचा. समोर कोणी सुस्कारा सोडत नाही. दिवसभर लोकांच्या रक्तात काय दडलंय ते शोधायचं आणि सुट्टीत दिव्यात काय दडलंय ते. माझा स्वभावच तो, त्याला कोण काय करणार?

फजिती होते, नाही असं नाही. मध्ये एक पडदा मागवला. फोटोत तो चांगला खिडकीभर झुलत होता. आला तो भांडी पुसायच्या फडक्याएवढा. माप खाली बारीक अक्षरात दिलं होतं म्हणे. बाबांना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी तो पडदा शेजारच्या काकांना बोलावून दाखवला. वस्तूला हात न लावता पैसे टाकणाऱ्याचं असंच व्हायला पाहिजे, असं दोघांनी मिळून ठरवलं आणि माझ्याच हातचा चहा प्यायले.

बाबांचं हे मत तुला नव्याने सांगायला नको. त्याचा सगळ्यात मोठा तडाखा तुलाच बसला. तू दुकानातली सगळी भांडी पांढऱ्या चादरीवर मांडून एकेकाचे फोटो काढत होतास आणि बाबा अवचित दारात उभे राहिले, तो रविवार मी विसरलेले नाही. फोटोतून भांड्याचा आवाज ऐकू येतो का, असं ते म्हणाले. असंच चाललं तर दुकान बुडेल, असं तू म्हणालास. बुडालं तर माझं बुडेल, असं ते म्हणाले. मग तू गेलास आणि गेलास तो नेमका फोनवरून माल विकणाऱ्या कंपनीच्याच कचेरीत, म्हणजे बाबांच्या हिशेबी शत्रूच्या गोटात. पुढे दुकान बंद पडलंच. तुझं खरं ठरलं, पण त्याचा तुम्हा दोघांपैकी कोणालाच काही उपयोग झाला नाही. आता तिथे बायकांची नखं रंगवून देतात. बाबा त्या रस्त्याने जावं लागलं तर समोरच्या बाजूने चालतात. तुझं नाव ते काढत नाहीत आणि मी काढलं तर उठून खिडकी उघडतात, उघडी असेल तर बंद करतात. तुम्ही दोघं पुन्हा बोलावं, यापलीकडे मला देवाकडे फारसं काही मागायचं नाही. हे तुला ठाऊक आहे आणि तरीही मी ते पुन्हा लिहितेय.

तर झालं असं की, गेल्या थंडीत बाबांचा गुडघा धरला. बाहेर जाणं बंद. त्यातच आपली जुनी किटली विसरून गॅसवर राहिली आणि जळून काळी ठिक्कर पडली. मी गुपचूप एक नवी मागवली. खोका आल्यावर वाटलं होतं, आता तांडव. पण त्यांनी किटली बाहेर काढली, पाणी भरलं आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने डाव्या हातात धरून ओतून पाहिलं. दुकानात ते आपल्याला सांगायचे, आठवतं? वस्तू विकत घेताना सगळे उजवा हात वापरतात, पण घरी उजव्या हातात दुसरं काहीतरी असतं आणि ओतायची वेळ डाव्यावर येते, म्हणून भांड्याची परीक्षा डाव्या हाताने घ्यायची. धार बघितली, मग शेवटचा थेंब कुठे जातो ते बघितलं. मग झाकण टेबलावर ठेवून बोटाने ढकललं, डुगडुगतं का पाहायला. मग हात ओला करून किटलीची मूठ धरली. शेवटी निकाल दिला की किटली लाळ गाळते. मी म्हटलं, नको असेल तर परत पाठवता येते. न भांडता परत घेतात ना, असं त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं. ज्या माणसाने आयुष्यभर गल्ल्याच्या वर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावली, त्याला हे पचायला वेळ लागणारच. तक्रार कुठे लिहायची ते मी दाखवलं, इतरांनी काय लिहिलंय तेही इथेच खाली वाचायला मिळतं असं सांगितलं, आणि उशीर झाला म्हणून कामाला पळाले.

संध्याकाळी मी परत आले तर बाबा म्हणाले, किटली राहू दे. आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरी खोके येऊ लागले.

आधी दुधाचं पातेलं आलं. पातेली आपल्याकडे कमी आहेत का? मग गाळणी आली. मग बूट ठेवायची मांडणी, जी जुळवायला आम्हाला अख्खी दुपार लागली आणि शेवटी एक स्क्रू उरलाच. मग लिंबू पिळायचं यंत्र आलं, आणि बाबांना लिंबू चालत नाही. प्रत्येक वस्तू आली की तीच परीक्षा, डावा हात, ओला हात, डुगडुग. मग ते चष्मा लावून फोनमध्ये काहीतरी वाचायचे, मान डोलवायचे किंवा तोंड वाकडं करायचे, आणि बऱ्याच वस्तू पुन्हा खोक्यात भरून परत पाठवायचे. खोके घेऊन येणारा माणूस आता आपल्याकडे पाणी पितो आणि बाबांच्या गुडघ्याची चौकशी करतो. मी मात्र काळजीत पडले. खरं सांगते, मला वाटलं यांच्या डोक्यात काहीतरी होतंय. म्हातारपणी माणसं वस्तू जमवायला लागतात असं मी ऐकलं होतं. डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, परत पाठवतायत ना, मग जमवत नाहीयेत. हे उत्तर बरोबर होतं पण त्याने माझं समाधान झालं नाही. वस्तू नकोय, ठेवायची नाही, मग मागवायची कशाला? मला चैन पडेना. शेवटी एक दिवस रजा टाकली आणि मटार सोलायचं निमित्त करून त्यांच्या शेजारी ठाण मांडलं.

तेव्हा लक्षात आलं की, बाबा वस्तू शोधतच नव्हते. ते एका माणसाला शोधत होते. कोणीतरी 'जुनं गिऱ्हाईक' या नावाने लिहिणारा माणूस. बाबा त्याच्या नावावर बोट ठेवायचे, त्याने आजवर कशाकशावर काय लिहिलंय ते उघडायचे, आणि त्यातली एखादी वस्तू मागवायचे. मी वाकून वाचलं. किटलीच्या फोटोखाली लिहिलं होतं: "डाव्या हाताने ओतून पाहिलं. धार सरळ. शेवटचा थेंब मात्र पोटावर ओघळतो. झाकण डुगडुगत नाही. ओल्या हातात मूठ फिरते. तीन तारे." त्या एवढ्या गर्दीत आपल्या भाषेतलं ते एकच. मटार माझ्या हातातच राहिले.

धाकट्या, या जगात डाव्या हाताने किटली ओतून पाहणारी माणसं किती असतील?

मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते नुसतं म्हणाले की, पातेल्याच्या बाबतीत या माणसाचं चुकलंय, बूड जाड आहे म्हणतो पण कडेला पातळ आहे, बाकी मात्र पठ्ठ्या बरोबर लिहितो. आणि मला एकदम सगळं कळलं. ते तुझं लिहिलेलं तपासत होते. लहानपणी तू दुकानात भांडी पुसून ठेवायचास आणि ते मागून जाऊन एकेकावरून बोट फिरवायचे, तसं. त्यासाठी वस्तू घरी यायला पाहिजे, नाहीतर कशावरून तपासणार? मी उठून आत गेले आणि थोडी रडले. मग चहा केला.

आता पुढचं ऐक, आणि यावर तुझा विश्वास बसणार नाही. वस्तूंच्या खाली प्रश्न विचारायची सोय असते ना, ज्यांनी घेतलंय त्यांना विचारायची? गाळणीची दांडी धुताना निखळते का, असं तुला एका ग्राहकाने विचारलं होतं. मांडणीचा उरलेला स्क्रू नेमका कुठला, असंही विचारलं होतं आणि तू चांगलं सविस्तर उत्तर दिलंस. पातेल्याचं बूड कडेला पातळ आहे, हे आपल्या लक्षात आलं नाही का, असं जरा खवचटपणे विचारणाराही तोच. तू लिहिलंस की आपलं निरीक्षण योग्य आहे, माझ्या नजरेतून ते निसटलं. ते ग्राहक म्हणजे आपले बाबा. तिथे नाव दिसत नाही, म्हणून तुला कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला ते उत्तर तीनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, बघ, मला 'आपण' म्हणतोय. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी ते फोन बघतात. उत्तर आलेलं असलं की दिवसभर घरात शीळ ऐकू येते. आपले बाबा शीळ वाजवतात हे मला या वयात कळलं.

इतके दिवस मी तुला हे सांगितलं नाही, कारण मला भीती वाटत होती. तुला कळलं आणि तू लिहायचा थांबलास तर? दुकान बंद झाल्यापासून बाबांना कोणी भांड्यांबद्दल काही विचारलेलं नाही, आणि त्यांच्याशी भांड्यांबद्दल तोडीस तोड बोलणारा एकच माणूस आहे. तो जर गप्प झाला तर त्यांच्या सकाळी पुन्हा पूर्वीसारख्या होतील आणि ते माझ्याने बघवणार नाही. म्हणून मी तोंड शिवून बसले होते. माझ्यासारख्या भोचक बाईला ते किती जड गेलं असेल याची कल्पना कर.

पण गेल्या आठवड्यात गोष्ट वेगळीच झाली. तू त्या घडीच्या लाकडी खुर्चीवर लिहिलं होतंस ना, आणि पहिल्यांदाच चार तारे दिले होतेस? तिच्याखाली बाबांनी प्रश्न टाकला. मला न दाखवता टाकला, मी नंतर वाचला. "ही खुर्ची पाहुण्याला चालेल का? पाहुणा फार दिवसांनी यायचा आहे. पूर्वी सडपातळ होता, आता थोडा सुटला असेल. बसल्यावर मोडायला नको." उत्तराची वाट न बघता त्यांनी खुर्ची मागवलीसुद्धा. आणि तू, शहाण्या, नेहमीसारखं नेमकं उत्तर दिलंस की पाहुण्यांचं अंदाजे वजन कळवावं, म्हणजे खात्रीने सांगता येईल. ते वाचल्यावर बाबांनी फोन पालथा ठेवून दिला. खुर्ची टेबलाशी उघडून ठेवली आहे आणि मी बसायला गेले तर ओरडतात. काल सकाळी माझ्याकडे पाठ करून, कप विसळता विसळता त्यांनी मला विचारलं, "त्याचं वजन किती असेल गं आता?" मला सांगता येईना. म्हणून हे पत्र. तिथे खाली आकडा लिहून मोकळा होऊ नकोस, नाहीतर त्यांना पुढचा प्रश्न सुचेल, तू पुढचं उत्तर देशील आणि तुम्ही दोघं असेच म्हातारे व्हाल. दोघांपैकी एक झालाच आहे. तू ये, आणि बसून दाखव.

तुझीच,
ताई