तपासलेले कासव

३ मार्च, मंगळवार. सकाळ, चहापूर्वी.

समस्त अंगणाचे अधीश्वर, गृहस्वामी, पाणीपुरवठ्याच्या मीटर-तपासणी विभागाचे उपप्रमुख (प्रमुखपद केवळ मत्सरग्रस्तांच्या कारस्थानामुळे हुकलेले), एका मोटारीचे द्वितीय आणि बहुधा अखेरचे मालक, स्नानगृहात प्रथम प्रवेशाचे मानकरी, हिरव्या बादलीचे एकमेव उपभोक्ते, असे जे आम्ही, ते पूर्ण विचारांती आणि रिकाम्या पोटी पुढील ठराव करीत आहोत: येत्या रविवारी अंगणात फरशी बसेल आणि त्या फरशीवर आमची मोटार उभी राहील. ठराव एकमताने संमत. मतदार एकच होता.

कारण स्पष्ट आहे. मोटार रस्त्यावर, शेजारच्या हेडमास्तरांच्या झाडाखाली उभी असते. त्या झाडावरील पक्षी संपूर्ण गल्ली सोडून तिच्याच काचेवर मलविसर्जन करतात. हा योगायोग असूच शकत नाही.

वाळूचा ढीग कालच अंगणात येऊन पडला. तेव्हापासून पत्नी माझ्याशी बोलत नाही. तिचे शेवटचे वाक्य असे: "अंगणच राहिलं नाही तर संध्याकाळी बसायचं कुठे? मोटारीत?" तिचे गुलाब त्याच अंगणात आहेत. मी गुलाबांना गच्ची देऊ केली होती. मला वाटते, औदार्याची सुद्धा एक मर्यादा असते.

आता जो काही संवाद होतो तो सासूबाईंमार्फत. मी समोर बसलेलो असताना, "आई, यांना सांग, चहा निवतोय." सासूबाई: "जावईबापू, चहा निवतोय." चहा तोवर निवलेला असतो.

४ मार्च, बुधवार.

अंगणात कासव. चांगले ताटाएवढे, काळपट, नळाखालच्या ओलीत स्थानापन्न. परवानगी कोणाची? कोणाचीच नाही. मी "हट्" म्हणालो. त्याने मान आत घेतली. म्हणजे अपमान करून वर चर्चेचे दार बंद!

पत्नी बाहेर आली आणि आठवड्याभरातले पहिले प्रेमळ वाक्य उच्चारले. कासवाशी. "अगं बाई, तू गं कुठून आलीस?"

मी सासूबाईंमार्फत कळवले की हा प्राणी नर आहे, मुद्रेवरचा हट्टीपणा पाहावा. सासूबाईंमार्फत उत्तर आले की हट्टीपणावरून ठरवायचे तर घरात एक नर आधीच पुरेसा आहे. वास्तविक सासूबाईंनी हे वाक्य जसेच्या तसे पोहोचवण्याची गरज नव्हती. त्यांनी ते दोनदा पोहोचवले.

अखेर करार झाला. कासव आपल्या पायांनी गेल्याखेरीज अंगणाला फावडे लागणार नाही. गेल्यावर मात्र पत्नी एक अक्षरही बोलणार नाही. (सध्याही ती बोलत नाहीच, पण ते असो.) मी तत्काळ मान्यता दिली. कासव असे किती दिवस राहणार? त्याला काय इथे भाडेकरार करायचा आहे?

६ मार्च, शुक्रवार.

कासव जाण्याचे नाव घेत नाही. पत्नी त्याला कोथिंबिरीसारखी निवडून पाने घालते. मला काल डबा नव्हता.

करारातील "आपल्या पायांनी" या शब्दांचा मी सखोल विचार केला. गल्लीच्या टोकाच्या तळ्यापर्यंत त्यास बादलीतून नेल्यास, बादलीतून पाण्यात ते आपल्याच पायांनी उतरेल. कराराचा आत्मा अबाधित राहतो. सबब पहाटे सर्वजण झोपेत असताना माझ्या हिरव्या बादलीतून त्याची तळ्याकाठी पाठवणी केली. निरोपाचे दोन शब्द बोललो. त्याने मागे वळूनही पाहिले नाही. कृतघ्न.

संध्याकाळी पत्नी अंगणभर शोधत होती. मी यथोचित दुःख व्यक्त केले.

७ मार्च, शनिवार.

नळाखाली कासव.

हे कालचे नव्हे, अशी माझी पक्की खात्री आहे. तळ्यात दुसरे असणार, पहिल्याने त्याला पत्ता दिला असणार. तथापि मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस आहे. आमच्या विभागात एकच मीटर दोन घरांत दाखवणारे महाभाग आम्ही कसे पकडतो? शिक्का मारून. ऑफिसचा शिक्का बॅगेत होताच, पक्क्या शाईसह. कासवाच्या पाठीवर मधोमध, वाचता येईल असा, उमटवला: "तपासले". फारच सुबक उमटला. मीटरवर इतका सुबक कधी उमटत नाही.

पुन्हा बादली, पुन्हा तळे. वाटेत हेडमास्तर फिरायला निघालेले. बादलीकडे पाहून म्हणाले, "काय हो, नळाचे साहेबच तळ्यावर पाणी भरायला? मग आम्ही कुठे जायचं?" मी त्यांना नजरेने निष्प्रभ केले. ते बराच वेळ हसत होते, पण मला वाटते ते भीतीचे हसू असावे.

८ मार्च, रविवार.

आज गवंडी येणार म्हणून मी लवकर उठलो. अंगणात येतो तो काय, पत्नी, सासूबाई आणि गवंडी गोल करून उभे. मध्ये कासव. कासवाच्या पाठीवर सरकारी अक्षरांत "तपासले".

पत्नी: "आई, यांना विचार, हिला कुठल्या ऑफिसनं तपासलं?"

सासूबाईंनी विचारले. गवंड्यानेही विचारले, त्याला कोणी सांगितले नसताना.

मी करारातील शब्दयोजनेवर विवेचन सुरू केले. दुसऱ्या मुद्द्याला पत्नी आत गेली आणि फडके घेऊन आली. पाऊण सकाळ ती शिक्का पुसत होती, लहान मुलाचे तोंड पुसावे तशी. पूर्ण निघाला नाहीच. "तपा" राहिले. शाईची गुणवत्ता निर्विवाद आहे.

शिक्षा दोन. पहिली: कासव खरोखर आपल्या पायांनी जाईपर्यंत फरशी बंद. गवंडी चहा पिऊन म्हणाला, "साहेब, ताईंचा शब्द मोडून मी फावडं मारणार नाही. पुढच्या रविवारी येतो. पण त्यानंतर मात्र मोठं काम घेतलंय, मग जमायचं नाही." याला मी बोलावले होते की तिने?

दुसरी: हिरवी बादली जप्त. तिच्यात कासव बसले, सबब ती आता कासवाची. मी निषेध नोंदवला. सासूबाईंनी तो पोहोचवलाच नाही.

१० मार्च, मंगळवार.

वार्ता ऑफिसात पोहोचली. वाहक अर्थातच हेडमास्तर, ज्यांचा भाचा आमच्याच मजल्यावर बसतो. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून, चेहरा कमालीचा गंभीर ठेवून विचारले, "त्या कासवाचं रीडिंग काय आलं?" बाहेर सगळा हॉल टाचणी पडली तरी ऐकू यावी इतका शांत. मी उत्तरलो की हा प्रश्न खात्याच्या प्रतिष्ठेस शोभत नाही. मग हॉलमध्ये जे झाले ते खात्याच्या प्रतिष्ठेस मुळीच शोभणारे नव्हते.

दुपारी माझ्या टेबलावर कोणीतरी कोबीचे पान ठेवले.

निश्चय: कासवाशी यापुढे कोणतेही वैर नाही. केवळ तिरस्कार.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.

तिरस्कार टिकवणे कठीण जात आहे, कारण शत्रूने उघड आगळीक केली. माझ्या वाळूच्या ढिगावर चढून, माझ्याकडे पाठ करून, मागच्या पायांनी वाळू उडवत होता. एक फवारा थेट माझ्या चपलेवर. क्षणभर संतापाने डोळ्यांपुढे अंधारी आली.

मग लख्ख प्रकाश पडला. तो भुयार खणत आहे! कुंपणाखालून पलायनाचा मार्ग! म्हणजे आपल्या पायांनी जाण्याचा त्याचा स्पष्ट इरादा आहे. अशा वेळी मोठ्या मनाने साह्य करणे हे माझे कर्तव्य होते. कोरडी वाळू पुनःपुन्हा ढासळत होती, म्हणून मी तांब्याने हलकेच पाणी शिंपडले. त्याने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "चालू द्या."

पत्नी पायरीवर बसून हे सर्व पाहत होती. काही बोलली नाही. पण आज सासूबाईंनाही काही बोलायला सांगितले नाही.

१३ मार्च, शुक्रवार. रात्र.

विजय! कासव गेले! आपल्या पायांनी, गेटखालून, तळ्याच्या दिशेने, पाठीवर "तपा" मिरवत. साक्षीदार सासूबाई. त्या म्हणाल्या, "गेली हो बिचारी." मी त्यांच्याकडून हे वाक्य दोनदा वदवून घेतले. भुयाराचे काय झाले कळले नाही, त्याने ते बुजवून टाकलेले दिसते. बेभरवशाचा प्राणी.

गवंड्याला फोन केला. मोटारीवरील आजचे पक्षीकार्य मी स्मितवदनाने पुसले.

पत्नीने गुलाब कुंड्यांत काढायला घेतले. करार म्हणजे करार, एक अक्षर नाही. मी मदतीस गेलो, तिने खुरपे दिले नाही. एका झाडाची मुळे फार खोल होती. ती दोन्ही हातांनी माती उकरत राहिली.

मला विजयाचा आनंद इतका झाला आहे की जेवण गेले नाही.

१५ मार्च, रविवार.

गवंडी आला. फावडे उचलले. वाळूत एकदाच, तेही अर्धवट घातले आणि थांबला. "साहेब, हे बघा काय."

ओल्या वाळूत, व्यवस्थित रचलेली, पांढरी, लांबट अंडी.

मी म्हणालो, ही माझी वाळू आहे. गवंडी म्हणाला, "वाळू तुमची, पण आतला माल दुसऱ्याचा आहे." सासूबाई म्हणाल्या, "बघा, बाईच होती." पत्नी खाली बसली, दोन्ही हातांनी वाळू अलगद परत सारखी केली, अंडी जराही न हलवता.

मी करार पुढे केला: कासव गेले आहे. फावडे लागलेच पाहिजे. मी बरोबर होतो. मी याहून अधिक बरोबर आयुष्यात क्वचितच असेन.

पत्नीने मान वर केली आणि थेट, कोणाच्याही मार्फत नाही, मला विचारले, "अहो, त्या दिवशी हिला पाणी कशाला शिंपडलंत?"

मी सत्य सांगितले. भुयारासाठी.

आधी गवंडी हसला. मग सासूबाई. मग ती, वाळूने माखलेला हात तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला अत्यंत राग आला. घरमालकाने शत्रूच्या बाळंतपणात पाणी घालावे आणि घरच्यांनी हसावे! मी गवंड्याला विचारले, पिल्ले निघायला किती दिवस? तो म्हणाला, दोन-तीन महिने तरी. तेव्हा तो मोकळा असेल का? नसेल. "पुढच्या वर्षी बघू, साहेब." फावडे खांद्यावर टाकून तो निघून गेला. चहा पिऊन.

दुपारी तिने गुलाब पुन्हा जमिनीत लावले. या वेळी खुरपे माझ्या हातात दिले. खड्डे नीट खणलेले नाहीत असे तीनदा म्हणाली. तीनही वेळा मलाच म्हणाली.

२१ मार्च, शनिवार.

विद्यमान परिस्थिती. मोटार झाडाखाली. पक्षी कार्यरत. ढिगावर उलटी टोपली, टोपलीवर दगड, आणि संध्याकाळी पायरीवर मी, मांजरे हाकलण्यासाठी. ही नियुक्ती मी स्वखुशीने स्वीकारलेली नाही. पत्नी शेजारी बसते आणि दिवसभरात कोणाचे काय चुकले ते सांगते, बहुतांशी माझे. हेडमास्तर कुंपणावरून विचारतात, "बाळंतीण कशी आहे?" मी उत्तर देत नाही. पत्नी देते.

हे सर्व मी सहन करीन. पण हिरवी बादली अंगणात पाणी भरून ठेवली आहे, "कधी परत आली तर" म्हणून. तळे सोडून कोणते कासव बादलीत यायला निघेल? तोवर माझे स्नान भाजी धुण्याच्या पातेल्याने. त्याला कडी नाही. गरम पाणी भरले की धरता येत नाही, आणि धरता येईतो पाणी गार होते. नवीन बादलीचा विषय आज पुन्हा काढला. उत्तर थेट मिळाले, मध्यस्थाविना: "बघू."