लीगमधली खुर्ची

हॉलिस फॉल्स,
डिसेंबर १८८२

प्रिय एमेट,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तुझ्यावरची बंदी उठली, डेट्रॉइटच्या क्लबने तुला बोलावलं, थंडी सरली की तू पुन्हा मैदानात उतरणार! वाचलं आणि मी चुलीपुढेच स्टुलावर बसून ढसाढसा रडले. बीन्सचं भांडं करपलं. करपलं तर करपलं. पण त्याच्या पुढचं वाक्य मला बोचलं हो. "म्हाताऱ्याला सांग, त्याच्या नाकावर टिच्चून मी परत बेसबॉल खेळणार आहे, आणि त्याचा लाडका क्लब मात्र बुडाला." हे लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही का रे तुझा? मी ते वाचून दाखवलं नाही. नुसतं म्हटलं, एमेटला डेट्रॉइटने घेतलं. तुझे बाबा "हं" म्हणाले आणि कोळसा आणायला तळघरात उतरले. कोळशाची बादली काठोकाठ भरलेली होती, तरी बराच वेळ ते वर आले नाहीत.

इथलं काय सांगू? मैदानावरचे बाकडे उखडून नेतायत, कुंपणाच्या फळ्या गालिच्याच्या गिरणीने घेतल्या. आपल्या टोप्यांच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही. काचेवर कुणीतरी दगड मारला, तिथे आता पुठ्ठा लावलाय. डोनह्यू न्हाव्याने यांना भरल्या दुकानातून परत पाठवलं. म्हणे, "किट्रेजसाहेब, ज्या हाताने तुम्ही गावाची मान कापलीत, त्याच हाताने दाढीही करा." आणि चर्चच्या पायरीवर ती क्वॅकेनबुशबाई, तोंडात साखर घोळवत: "लविनिया, तुझा नवरा तर बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. मग आपला क्लब लीगमधून गेला, त्या बैठकीत तोंडाला कुलूप कसं ग लागलं?" मी तिला म्हटलं, तुझ्या तोंडाला लागत नाही म्हणून देवाने त्यांच्या तोंडाला लावलं असेल. पण घरी येऊन मलाही तोच प्रश्न पडला.

तुला आठवतंय का, क्लब जन्मला तो आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत? तू टोप्यांच्या लोकरी नमद्याच्या गुंडाळ्यांवर झोपायचास आणि बाबा गिरणीवाल्यांना, सराफाला, कुणाकुणाला पकडून आणायचे. खेळाडूंचे पहिले सदरे मी शिवले. राहायला जागा मिळेना तेव्हा सगळी फौज माझ्याच पंक्तीला. तो गिलहूली, अख्खा केक खाऊन वर विचारायचा, "काकू, आता जेवायला काय?" आणि देशातल्या मोठ्या क्लबांच्या लीगने आपल्याला घेतलं त्या दिवशी तुझे बाबा, लेकीचं स्थळ मोठ्या घरात जमावं तसे गल्लीभर सांगत सुटले होते. एवढ्याशा गावाला मोठमोठ्या शहरांच्या शेजारी खुर्ची मिळाली होती. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मिळवलं नाही रे.

आणि त्यांचा शब्द! पंच एकटा, त्याला सगळं कुठून दिसणार? झेल नीट घेतला की नाही हे कळलं नाही, की तो प्रेक्षकांतल्या एखाद्या भल्या माणसाला विचारायचा. आपल्या मैदानावर तो भला माणूस ठरलेला. किट्रेजसाहेब, तुम्हीच सांगा. आणि हे सरळ आपल्याच संघाच्या विरुद्ध सांगून मोकळे! लोक कपाळावर हात मारायचे, पण अभिमानही वाटायचा त्यांना.

मग तो तुझा झेल. ऊन तिरपं होतं, तू पडलास, चेंडू हातात घेऊन उठलास. पंचाने यांच्याकडे पाहिलं आणि हे म्हणाले, "आधी गवताला लागला." सामना गेला. तू टोपी त्यांच्या पायाशी फेकलीस. मी शेजारीच बसले होते, पण चेंडू लागला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. त्याच आठवड्यात तू करार मोडून पश्चिमेला दुसऱ्या क्लबकडे निघून गेलास, आणि यांनी क्लबचे अध्यक्ष म्हणून लीगला तुझ्यावर बंदी घालायला लावली. हंगाम अर्धा टाकून जाईल त्याला कुठल्याच क्लबने घ्यायचं नाही, आणि त्याच्या मूळ क्लबने अर्ज केल्याशिवाय व लीगने तो मान्य केल्याशिवाय बंदी उठायची नाही, हा नियमही मेला यांनीच मांडलेला. मी हातापाया पडले. हे म्हणाले, "दुसऱ्याचा मुलगा असता तर मी काय केलं असतं?" तू मालधक्क्यावर पोती उचलायला लागलास, आणि मी या घरात मीठ-मिरचीपुरतं बोलायला लागले.

काल क्लबचे सेक्रेटरी ऑस्गुड आले. लीगच्या बैठकीला ते यांच्याबरोबर हॉटेलात होते. गुपित पोटात राहीना त्यांच्या. लीगला आपल्यासारखी लहान गावं काढून मोठी शहरं आणायची होती. पण आपल्याला काढायला मतं पुरेशी नव्हती, आपण भांडलो असतो तर निदान आणखी एक वर्ष तगलो असतो. बाबा भांडायच्याच तयारीने गेले होते. पण आदल्या संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं, की आज ना उद्या क्लब जाणारच, आणि क्लब गेला की तुझ्यासाठी अर्ज करणारं जगात कुणी उरणार नाही. ती बंदी तुझ्यासोबत कबरीतच गेली असती. सकाळी ते उभे राहिले आणि म्हणाले, "आधी माझ्या मुलाची बंदी उठवा, मग मी स्वतः खुर्ची सोडतो. दुसरं काही नको." त्यांनी उठवली, आणि हे उठून बाहेर आले. जिन्यात ऑस्गुडना शपथ घातली, की पोराला कळता कामा नये. त्याला वाटू दे, त्याच्या खेळासाठीच बोलावलं.

मी रात्रीपर्यंत थांबले नाही, जेवणाच्या टेबलावरच विचारलं. आधी ते ऑस्गुडवर चिडले. मग काटा खाली ठेवून म्हणाले, "क्लब गावाचा होता, लविनिया. तो माझ्या घरासाठी खर्च करायचा मला हक्क नव्हता. लोक शिव्या देतात त्या बरोबर आहेत." मलाही गप्प राहायची शपथ घातली. ती मी आता मोडते आहे.

तू उपकार मानावेस म्हणून नाही लिहीत. रागाने डेट्रॉइटला नकार दिलास तर मात्र मी तुझं तोंड बघणार नाही, सांगून ठेवते. तू खेळ. लिहिते आहे ते यासाठी, की हा माणूस हल्ली रोज बर्फातून टपाल कचेरीत जातो. म्हणतो, चालल्याने गुडघे मोकळे होतात. तुझं पत्र असलं की ते माझ्या ताटाशी ठेवतो, आणि मी उघडेपर्यंत खिडकीपाशी उभा राहतो. एमेट, दोन ओळी लिही. आभार नकोत, ते त्यांना झेपायचे नाहीत. तिथली हवा कशी आहे लिही, कॅप्टन कसा आहे लिही, काहीच सुचलं नाही तर शिव्या लिही. फक्त पाकिटावर नाव त्यांचं घाल.

तुझीच,
आई