धुक्यातून आलेलं "आत्ता"

शनिवार, ऑक्टोबर २०१७. कॉर्क, आयर्लंड.

संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. ईराची बॅट नेहमी उशिरा फिरते, म्हणून बेसबॉल सोडते म्हणत होती पोरगी. दुपारी तिला मैदानावर नेलं. आम्ही दोघंच, आणि धुकं इतकं की कुंपणही दिसेना.

वजन मागच्या पायावर घे, हात मागे ने, क्षणभर थांब, मी "नाउ" म्हटलं की फिरव, असं समजावलं आणि चेंडू टाकला. मी तोंड उघडायच्या आत तिने बॅट फिरवली. चेंडू खणखणीत बसला!

"माझ्या आधीच का फिरवलीस?"

"बट यू सेड इट, बाबा. यू सेड 'आत्ता'."

आत्ता? शिकवताना मी कायम "नाउ"च म्हणतो, तिच्या कोचसारखं. भास झाला असेल? पण इतका अचूक?

पुन्हा चेंडू टाकला आणि मुद्दाम ओठ घट्ट मिटले. तिने वजन मागे घेतलं, थांबली. तेव्हा मलाही ऐकू आलं. तिच्या मागून, धुक्यातून, अगदी शांतपणे. आत्ता.

चेंडू उंच गेला. खाली पडल्याचा आवाजच आला नाही. ईरा आनंदाने उड्या मारत होती. मी तिचा हात धरला आणि बॅट तिथेच टाकून गाडीकडे पळालो.