इनॉकदादाच्या हातचं कुंपण

आई,

माझ्या पायाला भिंगरी लागलीय, एका मालकाकडे मी टिकत नाही, हे तुझं नेहमीचंच. डॉर्सेटमधली गावं दर रविवारी मी काय हौसेनं पालथी घालतो? बाबांनी इनॉकदादाला घराबाहेर काढलं, तेव्हा दाराशी तूच रडत होतीस ना.

मी धडधाकट आहे. डुकरीण व्याली का?

काल टेकडीपलीकडच्या गावात झुडपांचं एक कुंपण दिसलं. इकडचे लोक बुंधे अर्धे चिरून नुसते आडवे निजवतात. याच्या माथ्यावर मात्र ओल्या काठ्यांची वेणी होती, आपल्या गावी घालतात तशी. शेवटची काठीही दादासारखी उलटी खोवलेली.

शेताच्या मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "होता तुझ्यासारखाच एक उपरा. कुंपण झकास घातलं, पण खोकून खोकून वाकायचा. जेवायला बोलावलं की म्हणायचा, आत्ताच झालं. खोटंसुद्धा धड बोलता येत नव्हतं मेल्याला."

थंडी पडल्यावर तो समुद्राकडे गेला म्हणे. मी इथलं काम सोडलंय, उद्या त्याच वाटेनं निघतो. सापडला की घरी घेऊन येईन. तोवर बाबांना तेवढं वळव.

तुझा,
टोबी

ता. क. बाकीचे दादाच्या औषधाला ठेवलेत, म्हणून या खेपेला सातच शिलिंग.