दगडखाणीजवळची तार

प्रिय अवीग्दोर,

तीन वर्षांत मी तुझं नाव उच्चारलेलं नाही. हेमदा "तुमचा तो मित्र" म्हणते आणि मी ताटावरून उठतो. पण परवा मेहुणीचा गावाहून फोन आला. शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेनंतर तू सगळ्यांसमोर उभा राहिलास म्हणे, आणि सांगितलंस, "त्या शुक्रवारी तार तपासायची पाळी माझी होती. नफ्तालीवर मी उगाच ढकललं." आपले धर्मगुरू, रब्बी झेवुलून, उठून आले आणि त्यांनी तुझा हात धरला. मेहुणी म्हणाली, "घरी गेला तेव्हा अवीग्दोर दहा वर्षांनी तरुण दिसत होता, भाऊजी." वा! दगा मला, आणि तरुण तू!

बावीस वर्षं आपण गावाभोवतीची ती तार सांभाळली. एक शुक्रवार तुझा, एक माझा. खांबन्‌खांब पाहायचा आणि प्रार्थनागृहाच्या दारावर 'तार अखंड' ही पाटी लावायची. त्या पाटीच्या भरवशावर शब्बाथला बायका बाळं कडेवर घेऊन बाहेर पडायच्या. तार अखंड असली की सगळं गाव एकच घर; तुटली असेल तर विश्रांतीच्या त्या दिवशी उंबऱ्याबाहेर रुमालही नेणं पाप. दुरुस्ती निघाली की दोघं जायचो, तू वर, मी खाली. आणि तुझी ती जीभ! त्या शुक्रवारच्याच आठवड्यात बेकरीच्या रांगेत तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "नफ्ताली शिडी धरण्यापुरताच बरा. वर चढवलात तर अख्खं गाव पापात पडेल." लोक हसले. मीही हसलो.

तो शुक्रवार खरा माझा. पण भाचीच्या लग्नासाठी तुला पुढचा मोकळा हवा होता, म्हणून आपण बदलला. पाळ्यांच्या वहीत माझंच नाव राहिलं. तू खाणीपर्यंत गेलाच नाहीस आणि पाटी मात्र लावलीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रब्बी फिरायला गेले, तर दगडखाणीजवळ तार जमिनीवर. शब्बाथ संपल्यावर त्यांनी विचारलं, पाळी कुणाची? तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "वहीत नफ्तालीचं नाव आहे."

मी गप्प राहिलो. घरी हेमदा भडकली, "अहो, तोंड शिवलं होतं का तुमचं?" मग तिनंच घरोघर सांगितलं की माझा नवरा नम्र आहे, मित्राची अब्रू झाकायला त्यानं बोलणी खाल्ली. कुणाला पटलं, कुणाला नाही. माझ्याकडून पाटी काढून घेतली, लोक रस्ता बदलू लागले, आणि आम्ही हैफाला मुलीकडे आलो. इथं समुद्र आहे, पण करायला काही नाही.

दर योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, पापांची यादी म्हणत छातीवर मूठ मारताना 'आम्ही दगा दिला' हे आलं की ती मूठ मी तुझ्या नावानं मारायचो, जरा जोरातच. माणसाचा अपराध त्या माणसाकडेच जाऊन फेडायचा असतो, त्यात देवही मध्ये पडत नाही. म्हणून त्याआधीचे दहा दिवस दाराकडे कान लावून बसायचो. तू आला नाहीस. फार लागलं मला ते. आणि आता काल रब्बींचा फोन, "नफ्ताली, परत ये. तुझ्यासारखा नम्र माणूस गावाला हवा. तारेचं काम तूच बघ." हेमदानं बॅगा भरायला घेतल्यात.

अवीग्दोर, त्या शुक्रवारी दुपारी मी खाणीवरून शब्बाथआधीच्या विधीस्नानाला चाललो होतो. तार पडलेली मी पाहिली. सूर्य मावळून शब्बाथ लागायला चार तास होते. धावत येऊन तुला सांगितलं असतं, तर बांधून झाली असती. पण बेकरीतलं हसणं डोक्यात होतं. मी मनाशी म्हणालो, पाळी त्याची आहे ना, पडू दे त्याला तोंडावर. आणि अंघोळ करून घरी गेलो. सकाळी बायका बाळं घेऊन निघाल्या, ते मी खिडकीतून पाहिलं. माझ्या गप्प बसण्यात नम्रता नव्हती रे, बोलायला लागलो तर सगळंच बाहेर येईल ही भीती होती. ज्या पूर्वजाच्या नावावरून आपण यहुदी म्हणवतो, त्यानं चारचौघांत 'चूक माझी' म्हटलं, म्हणून राज्य त्याच्या वंशात आलं. हे आपण एकाच बाकावर बसून शिकलो. ते तुला आठवलं, मला नाही. तू मला दगा दिलास, तो मी विसरलेलो नाही. पण तुझ्याआधी मी दिला, तुलाही आणि गावालाही. हेमदाला हे आज सांगतोय. येत्या शब्बाथला, तू उभा राहिलास तिथंच उभा राहून गावाला सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं आणि तुझी माफी मागावी, म्हणून हे पत्र. गुरुवारी येतोय. त्यानंतरही कुणी मला तारेजवळ फिरकू दिलं, तर वर तू चढ. शिडी मी धरतो.

तुझाच,
नफ्ताली