बायकांच्या तरुणपणीच्या उंचीचा दाखला

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, आंबेखिंड,
ता. शिराळा, जि. सांगली.

विषय : हाडांच्या तपासणीसाठी सांगलीला पाठवायच्या यादीत माझे नाव घेणेबाबत, तसेच बायकांकडे तरुणपणीच्या उंचीचा दाखला मागणे बंद करणेबाबत.

संदर्भ : १) ज्येष्ठांचे हाडे तपासणी शिबिर, दि. १२ जून.
२) माझा दि. २० जूनचा अर्ज.
३) त्यावरचे आपले दि. ४ जुलैचे दोन ओळींचे पत्र.

महोदय,

१. मी, सौ. तानुबाई नाथाजी घोलप, वय ६९, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, आपणास सविनय कळवते की, चौतीस वर्षे मी या गावातल्या पोरांची उंची आणि वजन घेऊन दरमहा याच केंद्राला अहवाल दिलेला आहे. त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये. मागचा अर्ज थोडक्यात लिहिला होता, त्याचा उपयोग झाला नाही. हा सविस्तर लिहीत आहे.

२. शिबिरात साठ वर्षांवरच्या सर्वांची उंची घेतली. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरच्या वर उंची घटली असेल तर मणके आतून दबलेले असू शकतात, अशांना यंत्रावरच्या तपासणीला सांगलीला पाठवायचे, असे उपकेंद्राच्या रेश्मा मॅडमनी सांगितले. इथवर सगळे रास्त होते. पुढे यादीच्या छापील नमुन्यात आपल्या कार्यालयाने हाताने एक ओळ वाढवली आहे : "मूळ उंचीचा लेखी पुरावा जोडावा." सगळी माती तिथे झाली.

३. आमचे गाव फौजींचे. शिबिरात सव्वीस पुरुष आले, त्यांतले चौदा पेन्शनर फौजी. प्रत्येकाकडे फौजेचे डिस्चार्ज बुक आहे आणि त्यात भरतीच्या दिवशीची उंची लिहिलेली आहे. त्यांतले नऊ जण यादीत लागले. बायका त्रेचाळीस आल्या होत्या. यादीत एकही नाही. आपल्या केंद्राच्या भिंतीवर जो रंगीत तक्ता लावला आहे त्यावर लिहिले आहे की हाडे ठिसूळ होण्याचा धोका बायकांना जास्त. त्या तक्त्याखाली उभे राहून आपण नऊ पुरुषांची यादी वाचून दाखवलीत. मला तेव्हा हसू आले होते. नंतर राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

४. माझे पती श्री. नाथाजी घोलप, सेवानिवृत्त हवालदार, वय ७४, यांची भरतीवेळची उंची १७१. शिबिरात भरली एकशे साडेचौसष्ट. माणूस घरी येऊन जेवलाच नाही. तेव्हा एवढीच उंची असती तर भरतीच्या रांगेतून हाकलला असता, असे दोन दिवस म्हणत होते. पण मला काही पटेना. माणूस साडेसहा सेंटिमीटरने उतरला आणि अठ्ठेचाळीस वर्षे शेजारी वावरणाऱ्या बायकोला कळू नये, हे कसे? मग आम्ही भिंतीवरचा लग्नाचा फोटो खाली काढला. फोटोत मी त्यांच्या कानाच्या पाळीला लागते. कपाटाच्या आरशापुढे उभे राहिलो. आजही मी त्यांच्या कानाच्या पाळीलाच लागते. त्यावर ते जे म्हणाले ते जसेच्या तसे लिहिते : "आगं, आपुन दोघंबी संगंच खाली आलो, म्हणून कळलं न्हाई."

५. हिशोब पाचवीतल्या पोरालाही येईल. ते साडेसहाने उतरले आणि मी अजून त्यांच्या कानालाच असेन, तर मीही सहाच्या आसपास उतरलेली आहे. शिबिरात माझी उंची एकशे साडेएकोणपन्नास भरली. ती अंबाडा सोडून घेतलेली आहे. सोडायला कुणी सांगितले नव्हते, मीच सोडला, कारण मापातली लबाडी मी कधी पोरांनासुद्धा करू दिली नाही. टाचा उचलणारी पोरे कमी नव्हती.

६. हे सगळे लिहून फोटोच्या प्रतीसह मी २० जूनला अर्ज दिला. त्यावर आपले उत्तर आले : "पतीच्या उंचीवरून पत्नीची उंची ग्राह्य धरता येत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला सादर करावा." खिडकीवरच्या लिपिकांनी तोंडी आणखी तीन शंका काढल्या. एक, फोटोत पतीच्या पायात बूट असतील. आमच्यात नवरदेव बूट घालून बोहल्यावर चढत नाही. दोन, फेट्यामुळे कान नीट दिसत नाही. पाळी दिसते, भिंग मी बरोबर आणीन. तीन, नवरीची मान खाली आहे, त्यामुळे उंची नक्की कळत नाही. हे मात्र खरे आहे. मान वर असती तर मी आणखी दोन बोटे जास्त भरले असते, म्हणजे आजची घट त्याहून जास्त निघेल. तेव्हा मान खाली घातली ती रीत म्हणून. आता घालणार नाही.

७. तरीही आपल्या आज्ञेप्रमाणे मी सक्षम प्राधिकारी शोधत फिरले, ते असे. शाळा सोडल्याच्या दाखल्यात माझी जात, जन्मतारीख आणि "वर्तणूक चांगली" एवढे आहे, उंची नाही. (वर्तणुकीची नोंद हा अर्ज वाचताना ध्यानात असू द्यावी.) ग्रामपंचायतीत रहिवासाचा दाखला मिळतो, हयातीचा मिळतो, उंचीचा मिळत नाही. तलाठीभाऊ म्हणाले, काकू, आमच्याकडे जमिनीची नोंद असते, बाईमाणसाची नाही. शेवटी पोलीस ठाण्यात गेले. तिथले हवालदार भले माणूस, चहा पाजला आणि सांगितले की उंची नोंदवतात ती फक्त आरोपीची. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी मी एखादा गुन्हा केला असता तर आज माझा पुरावा तयार असता. त्याऐवजी संसार केला, हीच माझी चूक झाली.

८. माझी स्वतःची नोकरीची कागदपत्रेही पाहिली. दुसऱ्यांच्या लेकरांच्या उंचीची माझ्या हातची एकोणीस रजिस्टरे निघाली. माझी उंची कुठेच नाही. कुणी कधी घेतलीच नाही. या गावातल्या कुठल्याच बाईची घेतली नाही. पाहायला आलेले पाहुणे नणंदेशेजारी उभी करून "बरी हाय" म्हणाले, ती आमची मोजणी. त्याचा दाखला पाहुण्यांनी दिला नाही.

९. आता मुद्द्याचे लिहिते. माझ्या थोरल्या जाऊबाई कै. साळूबाई घोलप या पाठ दुखते म्हणून याच केंद्रात तीन वेळा आल्या होत्या. तिन्ही केसपेपर माझ्याकडे आहेत. तिन्हींवर "वयोमानानुसार पाठदुखी" असे लिहून गोळ्या दिल्या आहेत. भिंतीला पाठ लावून कुणी उभे केले नाही, उंची घेतली नाही. मागल्या वर्षी अंगणात, साध्या पाटावर बसताना, त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, नुसत्या बसल्या. सात महिने अंथरुणात होत्या. त्यांची कूस मी बदलायची. पाठीला जखमा झाल्या त्या मी धुतल्या. "तानू, मला उभी कर एकदा," असे त्या रोज म्हणायच्या, आणि मी उद्या करू म्हणायचे. मार्गशीर्षात गेल्या. त्यांचे दुखणे वयोमानानुसार नव्हते. ते न पाहण्यानुसार होते.

१०. मला स्वतःला माघापासून मधल्या मणक्यात कळ येते. वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मोठा मुलगा सीमेवर, धाकटा पुण्यात. घरात आम्ही दोघेच, आणि २४ जुलैला सांगलीच्या यंत्रावर पतींचीही हाडे ठिसूळ निघाली. त्यांचे औषध सुरू झाले, वजन उचलायला बंदी आहे. बायकोचे नाव नसेल तर मी बी जात न्हाई, म्हणून ते अडून बसले होते. मीच त्यांना गाडीत घातले, कारण हट्टापायी नवऱ्याचे हाड मोडून घ्यायची मला हौस नाही. पण माझा खुबा मोडला तर माझी कूस बदलणारे या घरात कुणी नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. त्या सात महिन्यांची वाटते, आणि ते लिहायला मला लाज नाही.

११. सबब रविवारी, दि. १० ऑगस्टला, मी समाजमंदिराच्या भिंतीपाशी शिबिरातल्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बायका बोलावल्या. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहायचे, डोके मागे टेकते का पाहायचे. पोक्त बायका पोरींसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. सतरा जणींचे डोके भिंतीला टेकत नाही. चौघींच्या डोक्यामागे माझी अख्खी मूठ जाते. मीही त्या सतरांत आहे. ही पद्धत आपल्याच खात्याच्या माहितीपत्रकात छापलेली आहे, त्यामुळे ती कुणी शिकवली याची चौकशी करून रेश्मा मॅडमना त्रास देऊ नये. या तपासणीला भिंत लागते आणि बाई लागते, दाखला लागत नाही.

१२. तरी मागणी अशी : माझ्यासह या सतरा जणींची नावे पुढच्या यादीत घ्यावीत. हाताने वाढवलेली ती ओळ हातानेच खोडावी. आणि यापुढे कुणाही बाईच्या केसपेपरवर "वयोमानानुसार" असे लिहिण्याआधी तिची उंची घ्यावी. आज घेतलेली उंची पाच वर्षांनी पुरावा होईल, निदान आमच्या सुनांना तरी पोलीस ठाण्यात जावे लागणार नाही.

१३. सोमवार, दि. १८ ऑगस्ट रोजी सकाळी दहा वाजता आम्ही सतराही जणी केंद्रावर येत आहोत. खुर्च्यांची व्यवस्था करू नये. आम्ही तक्त्याखालच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहू आणि नावे लिहून घेईपर्यंत हलणार नाही. साहेबांची मीटिंग आहे असे सांगितल्यास मीटिंग संपेपर्यंत उभ्या राहू. कुणाला चक्कर आली तर ती आपल्याच दारात आलेली असेल, हे आताच लेखी कळवून ठेवते.

कळावे. उत्तर दोन ओळींत देऊ नये.

आपली, नमायला आता मणक्यांचीच मनाई असलेली,

(सही)
सौ. तानुबाई नाथाजी घोलप
रा. आंबेखिंड, ता. शिराळा

सोबत :
१. लग्नाच्या फोटोची छायाप्रत (कान खुणेसह)
२. पतीच्या डिस्चार्ज बुकातील उंचीच्या पानाची व सांगलीच्या अहवालाची छायाप्रत
३. कै. साळूबाई घोलप यांचे तीन केसपेपर, छायाप्रती. मूळ प्रती देणार नाही.
४. दि. १० ऑगस्टच्या मोजणीचा तक्ता, त्रेचाळीस सह्या व अंगठ्यांसह
५. अर्जदार स्वतः, मूळ प्रत, सोमवारी समक्ष. दुसरी प्रत उपलब्ध नाही.